उसना रंग : पिट्सबर्गचा फुटबॉल आणि बर्फावरची हॉकी

३० जानेवारी १९८० च्या संध्याकाळी पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीना या बंदिस्त क्रीडागारात पेंग्विन्स हा हॉकीसंघ बर्फावर उतरला, तेव्हा त्याचा नेहमीचा निळा-पांढरा वेश नाहीसा झाला होता. खेळाडूंच्या अंगावर काळा आणि सोनेरी असे दोन रंग होते. हंगाम निम्म्याहून अधिक सरलेला असताना एखाद्या संघाने कपडे बदलावेत ही गोष्ट चमत्कारिकच. पण तिचे कारण शहरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असावे. दहाच दिवसांपूर्वी, २० जानेवारीला, शहराच्या स्टीलर्स या फुटबॉलसंघाने सहा हंगामांत चौथ्यांदा सुपर बोल जिंकला होता. त्याआधी ऑक्टोबर १९७९ मध्ये पायरेट्स या बेसबॉलसंघाने वर्ल्ड सीरिज जिंकली होती. दोघांचेही रंग काळा-सोनेरी. (या लेखात फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी प्रकार, आणि हॉकी म्हणजे बर्फावरची, हे लक्षात ठेवलेले बरे.)

एका खेळाचे यश त्याच गावातल्या दुसऱ्या खेळाचे काय करते? या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले असे की, मोठा वृक्ष लहान झाडाचे पाणी पितो. आपल्याकडे ‘क्रिकेटने हॉकी खाल्ली’ हे वाक्य याच जातीचे. दुसरे उत्तर उलटे : जिंकणाऱ्या गावाला जिंकण्याची सवय लागते आणि ती सवय शेजारच्या मैदानावरही पसरते. पिट्सबर्गचा इतिहास या दोन्ही उत्तरांना दाद देत नाही, म्हणूनच तो तपासण्याजोगा आहे.

स्टीलर्सची स्थापना १९३३ ची. पहिली जवळजवळ ४० वर्षे हा संघ बाद फेरीतला एकही सामना जिंकू शकला नाही. तो पहिला विजय २३ डिसेंबर १९७२ ला आला. शेवटच्या काही सेकंदांत उडालेला चेंडू फ्रँको हॅरिसने जमिनीला टेकण्याआधी बोटांवर झेलला आणि तो धावत सुटला. गंमत अशी, की पिट्सबर्गमध्ये घरी बसलेल्यांना हा क्षण दिसलाच नाही. गावातला सामना गावाच्या दूरचित्रवाणीवर दाखवू नये, असा तेव्हाचा नियम होता. तो १९७३ मध्ये सैल झाला. हॅरिसचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक आणि आई इटालियन, त्यामुळे गावातल्या इटालियन वंशाच्या मंडळींनी त्याच्या नावाने आपली एक ‘फौज’च उभी केली होती. पोलादाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या, नाना वंशांच्या आणि नाना चर्चांच्या गावाला एकत्र बसायला ही जागा मिळाली.

हॉकीचा जन्मच मुळी वेगळ्या जागी झाला. पेंग्विन्स १९६७ मध्ये आले आणि सिव्हिक अरीनात राहू लागले. उघडमिट करणाऱ्या पोलादी घुमटाची ही इमारत १९६१ मध्ये उभी राहिली ती हॉकीसाठी नव्हे, तर संगीतिकांसाठी. चांदण्याखाली गाणे ऐकता यावे म्हणून छत सरकणारे. तिच्यासाठी आणि तिच्या भोवतीच्या ‘नवनिर्माणा’साठी हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीचा खालचा भाग, सुमारे ९५ एकर, जमीनदोस्त करण्यात आला. आठ हजारांच्या आसपास माणसे विस्थापित झाली. साहित्याच्या वाचकांना ही वस्ती ऑगस्ट विल्सनच्या नाटकांतून परिचित असेल. ‘टू ट्रेन्स रनिंग’ या नाटकातली खाणावळ १९६९ सालच्या हिलमधली. नगरपालिका ती पाडणार, आणि मालक आपण ठरवलेली किंमत मिळाल्याखेरीज हलायला तयार नाही. त्या खाणावळीतून थोडे खाली चालत आले की पेंग्विन्सचे क्रीडागार लागावे. फुटबॉल गावाच्या आठवणींवर वाढला. हॉकीला मात्र पुसलेल्या आठवणींवर बर्फ गोठवावा लागला. प्रेक्षकांचे हिशेब मांडताना ही गोष्ट सहसा कोणी मोजत नाही.

आता हिशेबाकडे. स्टीलर्सने पहिला सुपर बोल १२ जानेवारी १९७५ ला जिंकला. त्याच वर्षीच्या २६ एप्रिलला पेंग्विन्सनी सातपैकी पहिले तीन सामने जिंकून पुढचे चारही न्यू यॉर्क आयलंडर्सना बहाल केले. शेवटचा तर स्वतःच्या घरी, एका गोलाने. जूनमध्ये देणी थकलेल्या या संघाचे दिवाळे निघाले आणि करखात्याने कार्यालयाला टाळे ठोकले. वर्ष एकच, गाव एकच. तेव्हा फुटबॉलने हॉकी खाल्ली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आकडे तसे बोलत नाहीत. फुटबॉलसंघ तेव्हा घरच्या मैदानावर हंगामात अवघे ७ सामने खेळे, तेही बहुधा रविवारी दुपारी. हॉकीसंघ ४०, बहुधा संध्याकाळी. फुटबॉलची तिकिटे १९७२ पासून संपलेलीच असत. म्हणजे मैदानाबाहेर राहिलेला फुटबॉलचा वेडा हिवाळ्यातल्या बुधवारी रात्री मोकळाच होता. शिवाय १९६७ ते १९७१ या काळात स्टीलर्स सातत्याने हरत होते, त्या वर्षांतही हॉकीची भरभराट झाली नव्हती. शेजारी गरीब असतानाही जो उपाशी होता, त्याची उपासमार शेजाऱ्याच्या श्रीमंतीला कशी चिकटवणार?

मग फुटबॉलच्या यशाने हॉकीला काही दिलेच नाही काय? दिले : रंग. काळा-सोनेरी हे मूळचे शहराच्या ध्वजाचे रंग आणि ध्वजावर ते आले विल्यम पिट या इंग्रज मुत्सद्द्याच्या कुलचिन्हातून. पण ध्वजावरचा रंग आणि विजयाचा रंग यांत फरक असतो. तो फरक सत्तरच्या दशकातल्या स्टीलर्सने मिटवला. पेंग्विन्सनी तो वेश मागितला तेव्हा बॉस्टन ब्रुइन्सनी हरकत घेतली, कारण हॉकीत हे रंग आपले, असा त्यांचा दावा होता. पिट्सबर्गने इतिहास पुढे केला. १९२५ ते १९३० या काळात याच गावात पायरेट्स नावाचा एक हॉकीसंघ होता आणि तोही काळ्या-सोनेरी वेशात खेळे. विस्मृतीत गेलेला एक दुबळा संघ असा ५० वर्षांनी साक्षीला आला, आणि हरकत फेटाळली गेली. परंपरा शोधून काढाव्या लागतात, कधीकधी वकिलाच्या गरजेसाठी.

रंग बदलला, नशीब मात्र बदलले नाही. १९८३-८४ च्या हंगामात पेंग्विन्सनी ८० पैकी १६ सामने जिंकले आणि सामन्याला सरासरी सात हजारही प्रेक्षक येईनात. तोवर भट्ट्या विझू लागल्या होत्या. होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. कामाच्या शोधात माणसे अमेरिकाभर पांगली. जाताना त्यांनी स्टीलर्सची निष्ठा बरोबर नेली. हॉकीची नेण्याइतकी अजून मुरली नव्हती. संघाचे मालक एडवर्ड डीबार्टोलो हे बाजारसंकुले बांधून धनवान झालेले गृहस्थ. ते हॉकीत पैसे घालवीत असताना त्यांच्या चिरंजीवांचा सॅन फ्रान्सिस्कोचा फुटबॉलसंघ सुपर बोल जिंकत होता. फुटबॉलचे यश एकाच कुटुंबात, जेवणाच्या एका टेबलावरही, हॉकीला लागू पडले नाही!

पेंग्विन्सना वाचवले ते स्वतःच्या पराभवाने. साखळीत तळाला राहिलेल्या संघाने नवे खेळाडू निवडताना पहिला हात मारावा, असा नियम. त्या नियमाने जून १९८४ मध्ये मारिओ लेम्यू पिट्सबर्गला मिळाला. (मुद्दाम हरल्याचा संशय तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी उघड बोलून दाखवला होता, आणि तो निराधार वाटत नाही.) स्टीलर्सचेही भाग्य असेच उघडले होते : १९६९ मध्ये १४ पैकी १३ सामने हरल्यावर, शिकागोबरोबरच्या नाणेफेकीत पहिली निवड जिंकून त्यांनी टेरी ब्रॅडशॉला घेतले होते. हॉकीने फुटबॉलकडून काही उसने घेतलेच असेल तर रंगाखालोखाल हे, हरून वर येण्याचे तंत्र. १९९१ आणि १९९२ मध्ये पेंग्विन्सनी स्टॅनले कप जिंकला, तेव्हा स्टीलर्सच्या वैभवाला दहा वर्षे उलटून गेली होती.

२००९ मध्ये मात्र दोघेही जिंकले : १ फेब्रुवारीला फुटबॉल, १२ जूनला हॉकी. रस्ते पुन्हा काळ्या-सोनेरी रंगाने भरले आणि विजयाच्या संसर्गाचा सिद्धान्त पुन्हा लिहिला गेला. त्याच रंगात, त्याच नदीकाठी तिसरा संघही खेळत होता. पायरेट्सने २००९ सालीही जिंकलेल्यांपेक्षा हरलेलेच सामने अधिक होते. १९९३ पासून २०१२ पर्यंत, सलग २० हंगाम.