जंगल कुणाचं? मेंढा (लेखा) आणि दीडशे वर्षांचा हिशेब

या भागात एक साधा प्रश्न घेऊन बसलोय. तुमच्या घराजवळची बाग, मैदान, टेकडी, नाहीतर गावाकडचं गायरान किंवा रान, हे नक्की कुणाचं असतं? आपण पटकन म्हणतो, "सरकारचं." मग पुढचा प्रश्न, सरकारचं म्हणजे आपलं का? तसं असेल तर बागेचं फाटक किती वाजता बंद करायचं, हे तरी आपण ठरवतो का?

शहरात हा प्रश्न आपण जॉगिंगपुरता विचारतो आणि विसरून जातो. पण आपल्याच महाराष्ट्रात एक गाव आहे, ज्याने हा प्रश्न जवळपास तीस वर्षं लावून धरला आणि उत्तर सरकारकडून लिहून घेतलं. गावाचं नाव मेंढा. लेखा ग्रामपंचायतीत यायचं म्हणून कागदावर मेंढा (लेखा). गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने गेलात तर तीसेक किलोमीटरवर. वस्ती गोंड आदिवासींची, शंभरएक घरं, लोकसंख्या पाचशेच्या आसपास. आणि भोवती सुमारे अठराशे हेक्टर जंगल.

पण मेंढ्यावर यायच्या आधी थोडं मागे जाऊ. कारण जंगल "परत मिळालं" असं म्हणायचं, तर आधी ते गेलं कसं हे कळायला हवं.

१८६४ साली इंग्रज सरकारने वन खातं सुरू केलं. पहिला प्रमुख होता डीट्रिश ब्रँडिस नावाचा जर्मन वनतज्ज्ञ. रेल्वे वाढत होती, रुळांखालच्या स्लीपर्सना लाकूड हवं होतं, जहाजांना सागवान हवं होतं. १८६५ ला पहिला वन कायदा आला, १८७८ ला दुसरा आणि जास्त कडक. या दुसऱ्या कायद्याने जंगलांचे प्रकार पाडले. राखीव जंगल म्हणजे जवळजवळ सगळंच बंद. संरक्षित जंगल म्हणजे काही गोष्टींना मुभा, पण सरकारच्या मर्जीने. आणि तिसरा प्रकार होता ग्रामवन, म्हणजे गावाकडे सोपवायचं जंगल.

हा तिसरा प्रकार लक्षात ठेवा. गावाला जंगल देण्याची तरतूद इंग्रजांच्या कायद्यातसुद्धा होती! १९२७ च्या भारतीय वन कायद्यातही ती कलम २८ म्हणून राहिली. फक्त वापरली फारच क्वचित गेली. म्हणजे दार होतं, पण कुलूप लावलेलं आणि किल्ली साहेबाच्या खिशात.

याचा चटका लोकांना लगेच बसला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वन खात्यावर तक्रार आहेच. डोंगर, पडीक रानं, गायरानं सगळी खात्याने आत घेतली, तर गरिबाच्या शेळ्याबकऱ्यांनी चरायचं कुठे, हा त्यांचा मुद्दा. पुढे १९३० ला देशभर मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा समुद्र नसलेल्या विदर्भात लोकांनी काय केलं? जंगल सत्याग्रह. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला, अक्कादेवीच्या माळावर, जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसं मेली. गवत आणि लाकूडफाट्यासाठी. शाळेत आपण मीठ शिकतो, गवत राहून जातं.

मग १९४७ आलं. मला वाटायचं, स्वातंत्र्य मिळाल्यावर हा प्रश्न सुटला असेल. पण १९२७ चा कायदा तसाच चालू राहिला. गडचिरोलीच्या भागात आधी जमीनदारी होती. जमीनदार काही देवमाणसं नव्हते, पण लोकांना जंगलातून सरपण, घराला लाकूड, बांबू, गवत घ्यायची रीत होती. याला तिकडे 'निस्तार' म्हणतात. १९५० नंतर जमीनदाऱ्या गेल्या आणि जंगल सरकारजमा झालं. निस्ताराच्या नोंदी कागदावर राहिल्या, पण रोजच्या व्यवहारात गार्ड आला, परवाना आला, दंड आला. सरपणाची मोळी आणणारी बाई आपल्याच रानात चोर ठरली.

आणि दुसरीकडे कारखान्यांना वेगळा न्याय. विदर्भातल्या बांबूचं मोठं गिऱ्हाईक होतं बल्लारपूरची कागद गिरणी. गिरणीला सरकारी जंगलातला बांबू लांब मुदतीच्या कराराने मिळायचा. गावकऱ्याला कुंपणासाठी चार बांबू हवे असतील तर मात्र विचारपूस.

इथून मेंढ्याची गोष्ट सुरू होते. १९८० च्या दशकात त्या भागात इंचमपल्ली आणि भोपालपटनम ही दोन मोठी धरणं प्रस्तावित होती. कितीतरी गावं आणि प्रचंड जंगल पाण्याखाली गेलं असतं. त्याविरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे, आदिवासी नेते लाल श्याम शाह त्यात होते. धरणं बारगळली. पण आंदोलनात गेलेल्या तरुणांच्या डोक्यात एक विचार राहिला, की जंगल बुडण्यापासून वाचलं, पण ते आपलं झालं का?

त्या तरुणांपैकी एक मेंढ्याचे देवाजी तोफा. त्यांच्या सोबतीला चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल. या दोघांनी मिळून जे केलं ते ऐकायला अगदी बोअर वाटेल. त्यांनी अभ्यास गट काढला. हो, अभ्यास गट! लोक बसायचे आणि एकेक विषय घ्यायचे. कायदा काय सांगतो, बांबू कसा वाढतो, मध कसा काढतात. निर्णय घ्यायची जागा वेगळी, ती ग्रामसभा. तिथे बाया आणि पुरुष दोघंही. आणि नियम असा की निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं.

मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला प्रश्न पडला, की असं केलं तर काम कधी होणार? आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरसुद्धा एकमत होत नाही. पण त्यांचं म्हणणं व्यवहाराचं आहे. बहुमताने नियम केला की हरलेला गट तो नियम मोडतो, आणि जंगलात प्रत्येक झाडामागे पहारेकरी ठेवता येत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेला नियम सगळेच राखतात. वेळ आधी जातो, नंतर वाचतो.

याच काळात गावाने एक घोषणा दिली, आजही ती तिथे ऐकू येते: "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." नीट ऐका बरं का. यात सरकार नको असं कुठेही नाही. दिल्लीचं सरकारही आमचंच, फक्त गावातलं ठरवायचं ते आम्ही.

१९९० च्या दशकात सरकारने 'संयुक्त वन व्यवस्थापन' आणलं. महाराष्ट्राचा निर्णय १९९२ चा. गावाने जंगल राखायचं, मोबदल्यात उत्पन्नातला थोडा वाटा. पण योजनेचा रोख उजाड झालेल्या जंगलावर होता. म्हणजे उघडी टेकडी तुम्ही हिरवी करा, चांगलं जंगल आमच्याकडे. मेंढ्याने आग्रह धरला, आमचं उभं जंगलही यात घ्या, आणि ते मान्य करून घेतलं. तरी ही भागीदारीच होती, आणि भागीदारीत शेवटचा शब्द खात्याचा.

खरा बदल झाला डिसेंबर २००६ मध्ये. संसदेने वन हक्क कायदा मंजूर केला. प्रस्तावनेतच कबूल केलं, की जंगलात राहणाऱ्यांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला. या कायद्यात लोकांना कसायच्या जमिनीचा वैयक्तिक हक्क आहे, तो बऱ्याच जणांना माहीत असतो. पण त्याच्या बाजूलाच 'सामूहिक वन हक्क' आहे. आपण परंपरेने जे जंगल राखलं, वापरलं, ते राखायचा, वाढवायचा आणि सांभाळायचा अधिकार ग्रामसभेचा. शिवाय गौण वनउपजावर, म्हणजे मोह, तेंदू, चारोळी, मध आणि बांबू यांवर, थेट मालकी.

दावा करायची रीतही वेगळी. सुरुवात ग्रामसभेतून. गाव आपली वन हक्क समिती नेमतं, हद्दीचा नकाशा करतं, पुरावे गोळा करतं. पुराव्यात म्हाताऱ्या माणसांचं सांगणंसुद्धा धरलं जातं. मग उपविभाग, मग जिल्हा समिती. मेंढ्याकडे वीस वर्षांचा अभ्यास तयारच होता. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा यांना सामूहिक वन हक्क मिळाला. देशातली ही सुरुवातीची गावं.

संपली गोष्ट? नाही हो! ग्रामसभेने बांबू विकायचं ठरवलं, तर वाहतुकीचा परवाना मिळेना. कारण १९२७ च्या कायद्यात २०१७ पर्यंत बांबू 'झाड' या व्याख्येत बसवलेला होता. आणि झाड म्हटलं की ते गौण वनउपज कसं होईल? आता बांबू हे गवताच्या कुळातलं, हे शाळेतली पोरंही सांगतील. नव्या कायद्यातही स्पष्ट लिहिलंय. पण खात्याचं बोट जुन्या व्याख्येवर. बांबू तुमचा, पण रस्त्यावर आणाल तर जप्त, असा हा हक्क.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली, की बांबूला गौण वनउपज माना. आणि २७ एप्रिल २०११ ला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसोबत स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. पट्ट्याचा कागद २००९ लाच आला होता. पण बांबूचा ट्रक कुणाच्या सहीने रस्त्यावर येणार, हे ठरायला आणखी दोन वर्षं गेली. त्यानंतर बांबूच्या विक्रीतून गावाकडे एका हंगामात कोटीच्या आसपास रक्कम येऊ लागली. ग्रामसभेचं बँक खातं, पॅन कार्ड झालं. बांबू तोडायचं काम गावातच आणि मजुरीही गावाने ठरवलेली.

आता तुमच्यातले काही जण विचारत असतील, लोकांच्या हातात दिलं तर लोक जंगल विकून खाणार नाहीत का? रास्त प्रश्न आहे. पहिली गोष्ट, हा हक्क विकताच येत नाही. वारसाने पुढे जातो, पण विक्री किंवा हस्तांतर नाही, असं कायदाच सांगतो. दुसरी गोष्ट, राखायची जबाबदारी हक्कासोबतच येते. मेंढ्याने स्वतःवर बंधनं घातली. फळांसाठी अख्खं झाड पाडायचं नाही, पोळं जाळून मध काढायचा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव तर अजून पुढे गेलं. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदूपानं तोडणंच बंद केलं. का? तेंदूच्या हंगामात फांद्या छाटल्या जातात, जास्त पानं फुटावीत म्हणून रानाला आगी लावल्या जातात. उन्हाळ्यातलं मोठं रोख उत्पन्न त्यांनी सोडलं. हातातला पैसा सोडणं म्हणजे काय, हे महिनाअखेरीला आपल्यालाही कळतं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. गडचिरोलीत आज हजाराहून जास्त ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळालेत, पण मेंढ्यासारखी तयारी प्रत्येक ठिकाणी नाही. कुठे ठेकेदारच ग्रामसभा चालवतो, कुठे पट्टा पेटीत पडून आहे. २०१४ मध्ये राज्याने ग्रामवनाचे नवे नियम काढले, तेव्हाही हाच वाद उठला, की वन हक्क कायदा असताना खात्याचा हात पुन्हा आत कशाला? आणि मेंढ्याने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. विनोबांच्या परंपरेतल्या, राज्याच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. त्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२४ उजाडलं.

शेवटी शहराकडे येतो. मुंबईत मैदानं आणि उद्यानं सांभाळायला खासगी संस्थांना 'दत्तक' द्यायच्या धोरणावरून मोठा वाद झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याला स्थगिती द्यावी लागली. लोकांची भीती ही होती, की संस्थेकडे गेलेल्या मैदानाला आधी फाटक येतं, मग सभासद फी. वरवर पाहिलं तर दोन्हीकडे सरकारी जागा 'स्थानिकांकडे' गेली. मग फरक काय? मेंढ्यात 'स्थानिक' म्हणजे गावातली प्रत्येक प्रौढ व्यक्ती, नाव नोंदवायला फी नाही, आणि जागा कुणालाही विकता येत नाही. तेव्हा तुमच्या भागातली एखादी हिरवी जागा 'लोकांच्या ताब्यात' देणार अशी बातमी आली, तर खुश व्हायच्या किंवा चिडायच्या आधी तीन गोष्टी विचारा. लोक म्हणजे नेमके कोण? त्यांच्यात निर्णय कसा होणार? आणि परवान्याचं पुस्तक कुणाच्या हातात राहणार?

तुमच्या गावात सामूहिक वन हक्काचा दावा झालाय का, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारा आणि मला जरूर कळवा. तेंदूच्या ठेक्यांवर एक वेगळा भाग करायचा विचार आहे, त्यासाठी तुमची माहिती उपयोगी पडेल. भेटू पुढच्या भागात.