डिल्ड्रिनला न मरणाऱ्या माश्या

गाबा या चेतासंदेशकाचा फळमाशीतला रिसेप्टर 1991 साली सापडला, असे सरसकट लिहिले जाते. त्या सुमाराचे शोधनिबंध तारखेवार लावून वाचले की हे विधान जरा सैल वाटू लागते.

पहिला निबंध 1990 चा. रिचर्ड फ्रेंच-कॉन्स्टंट, रिचर्ड राउश आणि सहकाऱ्यांनी निसर्गातल्या फळमाश्यांतून डिल्ड्रिन या कीटकनाशकाला दाद न देणाऱ्या माश्या वेगळ्या काढल्या. (आपल्याकडे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेले एंडोसल्फान याच घराण्यातले.) इथे रिसेप्टर कुणी शोधत नव्हते असे नाही, ही विषे गाबाच्या वाटेवर घाव घालतात अशी अटकळ होतीच. पण हाती धरायला होती ती फक्त न मरणारी माशी. पुढे संबंधित जनुकाची जागा ठरली: तिसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या बाहूवरचा 66एफ हा पट्टा. जनुकाचे नाव आरडीएल.

1991 चा निबंध सांगतो की अशी प्रतिकारशक्ती किमान 277 जातींत नोंदली गेली होती. मग माशीच का? गुणसूत्राचे तुकडे गाळून-जोडून पाहण्याची सोय तिच्यातच होती. अशा मोडतोडीतून शोध एका आखूड पट्ट्यापर्यंत आला. मग कळीचा प्रयोग: न मरणाऱ्या माश्यांमध्ये मूळ, विषाला बळी पडणारे जनुक घातले, आणि त्या पुन्हा डिल्ड्रिनने मरू लागल्या. जनुक हेच, एवढे सिद्ध झाले. ते रिसेप्टर घडवते याला मात्र आधार होता तो पृष्ठवंशीय प्राण्यांच्या गाबा-ए रिसेप्टरशी जुळणाऱ्या क्रमाचा. साम्य म्हणजे काम नव्हे, असे मला वाटते.

ते काम दिसले 1993 च्या ‘नेचर’मधल्या निबंधात. आरडीएलचा संदेशवाहक आरएनए झेनोपस बेडकाच्या अंड्यात घातला. गाबा दिल्यावर क्लोराइडचा प्रवाह सुरू झाला. पिक्रोटॉक्सिन आणि डिल्ड्रिन तो अडवत. पण रिसेप्टरच्या प्रथिनात 302 व्या जागी अलानिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन असले, तर दोन्ही विषे फारशी चालत नव्हती. ही जागा नेमकी रिसेप्टरमधल्या क्लोराइड-वाहिनीचा आतला पृष्ठभाग घडवणाऱ्या भागात येते.

त्यानंतर घरमाशी, झुरळ अशा कीटकांतही बदल त्याच अमिनो आम्लात आढळला. फळमाशीच्या भावंडजातीत, ड्रोसोफिला सिम्युलान्समध्ये, काही वाणांत तिथे सेरिन नसून ग्लायसिन निघाले.