जलदान आणि पुण्यानुमोदन : एक ऐतिहासिक विचार

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी जनसमुदायास ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे आणि आठवी ब्राह्मणाकरवी कोणतेही क्रियाकर्म करवून न घेण्याची आहे. मृत्यूभोवती उभे राहिलेले शतकांचे कर्मकांड या दोन प्रतिज्ञांनी नाकारले. परंतु प्रतिज्ञा घेतली म्हणून घरातील मृत्यू थांबत नाहीत. आई गेली, वडील गेले, तर त्यांच्या स्मरणार्थ काय करावे, हा प्रश्न नवदीक्षित कुटुंबापुढे उभा राहिलाच. आज महाराष्ट्रातील बौद्ध समाजात रूढ असलेला पुण्यानुमोदन व जलदान विधी हे त्याचे उत्तर होय. त्यावर अनेक चिकित्सक उपासक विचारतात, "पिंड गेला आणि पाणी आले, एवढाच हा फरक आहे काय?" हा प्रश्न टाळणे योग्य नाही. पालि वाङ्मय व शिलालेख यांच्या आधारे त्याचा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम तथागतांनी काय नाकारले ते पाहू. संयुत्तनिकायातील गामणिसंयुत्तात असिबंधकपुत्र नावाचा गामणी नालंदा येथे भगवंतांना विचारतो की, पश्चिमेकडचे ब्राह्मण मृताला स्वर्गात चढवितात असे म्हणतात, मग भगवंतांनाही तसे करता येईल काय? भगवंत त्याला उलट विचारतात : एखाद्याने मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि मोठ्या जमावाने काठावर हात जोडून "धोंड्या, वर ये" अशी प्रार्थना केली, तर तो वर येईल काय? तसेच तुपाचे मडके पाण्यात फुटले, तर खापऱ्या बुडतील, तूप मात्र तरंगेल. जमावाच्या प्रार्थनेने ते बुडणार नाही. माणसाची गती त्याच्या कर्माने ठरते, मंत्राने नव्हे. श्राद्धाच्या मुळावरच हा आघात आहे.

असे असूनही मृतांचे स्मरण तथागतांनी निषिद्ध ठरविलेले नाही. दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात अपत्याची आईवडिलांविषयीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत ते कालवश झाल्यावर त्यांच्या नावे दक्षिणा, म्हणजे दान, देणे हे एक आहे. अंगुत्तरनिकायात जाणुस्सोणि ब्राह्मण विचारतो की, श्राद्धाचे दान मृतांना पोहोचते काय. भगवंत सांगतात की, नरकात, पशुयोनीत, मनुष्यलोकात किंवा देवलोकात गेलेल्यास ते पोहोचत नाही. केवळ पेतलोकातील आप्तांना त्याचा उपयोग होतो. मात्र देणाऱ्याचे दान कोणत्याही स्थितीत निष्फळ होत नाही. या सुत्तात पेतलोकाची कल्पना आहे, हे लपवून चालणार नाही. ती त्या काळच्या लोकश्रद्धेतील आहे. परंतु युक्तिवादाचा भार कोठे ठेवला आहे, ते पाहावे. मृताला काय मिळते यापेक्षा देणारा काय होतो, यावर भगवंतांनी संवादाचा शेवट केला आहे. बाबासाहेबांच्या विवेकनिष्ठ दृष्टीने धम्माकडे पाहणाऱ्या उपासकास हा शेवट पुरेसा आहे.

आता पाण्याविषयी. विनयपिटकातील महावग्गात राजगृहाच्या बिंबिसार राजाने वेळुवन संघास दिल्याची कथा आहे. राजाने सोन्याची झारी हाती घेतली आणि उद्यान बुद्धप्रमुख भिक्खुसंघास अर्पण केले. भारहूतच्या स्तूपाचा कठडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. त्यावरील जेतवनदानाच्या शिल्पात अनाथपिंडिक श्रेष्ठी हाती झारी घेऊन उभा आहे. येथे कोणी मेलेले नाही, कोणाची तहान भागवावयाची नाही. दिलेली वस्तू आता आपली राहिली नाही, हे चारचौघांसमक्ष जाहीर करण्याची ती रीत होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर पाण्याची धार हे दानपत्रावरील सहीसारखे होते.

खुद्दकपाठ व पेतवत्थु या दोन्हींत आलेल्या तिरोकुड्डसुत्ताची अट्ठकथाही बिंबिसाराच्याच दानाशी जोडलेली आहे. तेथे राजा आपल्या गत आप्तांना उद्देशून दान देतो आणि दक्षिणोदक सोडतो. जलदान विधीचे मूळ हे आहे. पिंडाशी त्याचे नाते नाही. पिंडामागे प्रेताचे शरीर घडविण्याची कल्पना आहे, पुरोहिताची मध्यस्थी आहे आणि पुत्राचा अग्रहक्क आहे. जलामागे केवळ दान आहे.

यातून एक गंभीर निष्कर्ष निघतो. दान नसेल, तर जल सोडण्यास अर्थ उरत नाही. कोऱ्या कागदावर केलेली ती सही होय. ज्या घरी भांड्यातून ताटात पाणी सोडले जाते, पण कोणालाही काहीही दिले जात नाही, त्या घरी आक्षेप घेणाऱ्या उपासकाचेच म्हणणे खरे ठरते.

आपल्या भूमीतील लेणी याची साक्ष देतात. नाशिकच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात दात्तामित्री नगरीचा यवन इंद्राग्निदत्त याचा लेख आहे. आईवडिलांना उद्देशून आपण हे लेणे कोरविले आणि ते चारही दिशांच्या भिक्खुसंघास दिले, असे तो सांगतो. सोबत आपला पुत्र धम्मरक्षित याचे नाव तो नोंदवितो. आईवडील, स्वतः आणि पुत्र अशा तीन पिढ्या त्याने एका दानात गुंफल्या. भाजे येथील चौदा स्तूप आणि कान्हेरी येथील विटांच्या स्तूपांची ओळ थेरांच्या स्मृतीची आहे. कोरलेल्या लेखांत त्या थेरांची नावे आजही वाचता येतात.

स्मरण कसे करावे, याचा आदर्श संयुत्तनिकायातील चुंदसुत्तात आहे. मगधातील नालक गावी सारिपुत्तांचे परिनिर्वाण झाले. चुंद श्रामणेर त्यांचे पात्र-चीवर घेऊन श्रावस्तीस आला, तेव्हा आनंद शोकाकुल झाले. भगवंतांनी विचारले, सारिपुत्त जाताना तुझे शील घेऊन गेला काय? समाधी, प्रज्ञा घेऊन गेला काय? आनंद म्हणाले, नाही. पण ते आम्हांस उपदेश करीत, धम्म सांगताना कधी थकत नसत. येथे शोकाला दटावलेले नाही, त्याला वळण दिले आहे. गेलेल्या माणसाचे आपल्याजवळ काय उरले, हा पुण्यानुमोदनाच्या सभेतील खरा विषय होय.

आधुनिक काळात याचे सर्वांत मोठे उदाहरण ७ डिसेंबर १९५६ चे आहे. मुंबईतही दीक्षा समारंभ व्हावा, अशी बाबासाहेबांची योजना होती. ते गेले, परंतु दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळीच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायास धम्मदीक्षा दिली. लोकांनी त्यांना वाहिलेली ती दक्षिणा होती.

या इतिहासावरून काही व्यवहार्य गोष्टी सुचतात. एक, दिवसाचे बंधन नाही. सिंहलद्वीपात सातव्या दिवशी, तीन महिन्यांनी व वर्षाने दान देण्याची प्रथा आहे. ती देशरीत आहे, तिरोकुड्डसुत्त दिवस मोजत नाही. दहावे-तेरावे वेगळ्या नावाने पाळण्याचे कारण नाही. दोन, ते सुत्त आप्तांबरोबर मित्र व सोबती यांचाही उल्लेख करते. म्हणून कन्या, पत्नी, स्नुषा किंवा जिवलग मित्र यांपैकी कोणीही जल सोडावे. पुत्र नाही म्हणून विधी अडत नाही. तीन, त्रिसरण-पंचशील व परित्तपाठानंतर दोघा-तिघांनी दिवंगतांचे गुण खरेपणाने सांगावेत. अतिशयोक्ती करू नये. चार, जल सोडण्यापूर्वी काय दान दिले, ते मोठ्याने सांगावे : संघास भोजन व चीवर, विहाराच्या ग्रंथालयास पुस्तके, एखाद्या विद्यार्थ्याची वर्षाची फी. दिवंगतांचे मरणोत्तर नेत्रदान झाले असल्यास त्याचाही उल्लेख व्हावा. पाच, कर्ज काढून पंगती उठवू नयेत. मुलांच्या शिक्षणाचा पैसा जेवणावळीत गेला, तर दिवंगतांच्या नावावर ऋण चढते, पुण्य नव्हे.

अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या सत्कृत्याने आनंदित होऊन त्यास संमती देणे. संमती द्यावयाची तर समोर सत्कृत्य हवे. ते असेल, तर वाटीभर पाणी पुरेसे आहे.