अर्ध्या पडद्यावरची शर्यत : ‘सुपर मारिओ कार्ट’ची पहिली भेट

१/ २७ ऑगस्ट १९९२. निन्टेंडोचा ‘सुपर मारिओ कार्ट’ हा नवा व्हिडिओ गेम जपानमध्ये विक्रीस आला. तो एकट्याने खेळायला बसलेल्या माणसाला पहिल्याच क्षणी एक चमत्कारिक गोष्ट दिसे. शर्यत टीव्हीच्या केवळ वरच्या अर्ध्या भागात चालू आहे. खालच्या भागात दुसरा खेळाडू नाही, तरीही ती जागा शर्यतीला दिलेली नाही. या अर्ध्या पडद्याचा हा इतिहास. 🧵

२/ त्याचे मूळ दोन वर्षे मागे जाते. २१ नोव्हेंबर १९९० रोजी निन्टेंडोने ‘सुपर फॅमिकॉम’ हे १६-बिट यंत्र जपानच्या बाजारात आणले. त्याच दिवशी दोन खेळही आले : ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ आणि ‘एफ-झिरो’. दुसरा खेळ म्हणजे जमिनीपासून अधांतरी धावणाऱ्या भविष्यकालीन यानांची शर्यत. तिचा वेग हेच तिचे मुख्य आकर्षण होते. मात्र तीत एका वेळी एकालाच खेळता येत असे.

३/ हा वेग ‘मोड ७’ नावाच्या सोयीतून आला होता. सुपर फॅमिकॉम एक मोठे सपाट चित्र हवे तसे फिरवू शकत असे आणि लहान-मोठे करू शकत असे. टीव्हीवरच्या प्रत्येक आडव्या रेषेसाठी त्या चित्राचे प्रमाण थोडेथोडे बदलत नेले, की जवळचा भाग मोठा व दूरचा लहान दिसू लागे. अंथरलेल्या सतरंजीकडे खाली बसून पाहावे, तसे. खोली नसलेल्या चित्रातून खोलीचा भास निर्माण होई.

४/ परंतु निन्टेंडोची घडण एकट्याने खेळण्यातली नव्हती. १८८९ मध्ये क्योतो शहरात ही कंपनी सुरू झाली, ती ‘हानाफुदा’ हे पत्ते तयार करण्यासाठी. १९८३ च्या ‘फॅमिकॉम’ यंत्राला तर मुळातच दोन कंट्रोलर जोडलेले होते. त्यामुळे ‘एफ-झिरो’नंतरचा प्रश्न स्वाभाविक होता : अशीच शर्यत दोघांना शेजारी बसून खेळता येईल का?

५/ निर्माते शिगेरू मियामोतो आणि दिग्दर्शक तादाशी सुगियामा व हिदेकी कोन्नो यांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, आरंभी या प्रकल्पात मारिओ नव्हता. हवा होता तो केवळ दोघांचा ‘एफ-झिरो’. म्हणजे ज्याला आज जग ‘मारिओचा खेळ’ म्हणून ओळखते, त्याचा जन्म मारिओवाचून झाला.

६/ अडचण गणिताची होती. सुपर फॅमिकॉमचे चित्र सामान्यतः २५६ × २२४ बिंदूंचे. ते दोघांत वाटले, की प्रत्येकाच्या वाट्याला उंचीचे जेमतेम ११२ बिंदू येतात. शिवाय दोन्ही खेळाडू मार्गावर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असणार. तेव्हा तीच जमीन एकाच क्षणी दोन दृष्टिकोनांतून रेखाटणे आले.

७/ आणखी एक मर्यादा होती. मोड ७ चे चित्र एका वेळी १०२४ × १०२४ बिंदूंचे असते. एकच खेळाडू असेल, तर तो पुढे सरकेल तसा पुढचा रस्ता त्या चित्रात भरत नेता येतो. दोघे दोन टोकांना असतील, तर संपूर्ण मार्ग एकदमच त्या चौकोनात मावायला हवा. ‘एफ-झिरो’चा प्रचंड वेग आणि लांबच लांब सरळ रस्ते येथे शक्य नव्हते.

८/ मग उरले काय? छोटा, वळणावळणांचा मार्ग आणि बेताचा वेग. अशा मार्गावर शोभणारे वाहन प्रत्यक्ष जगात तयारच होते. १९५६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या आर्ट इंगल्स यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन एका साध्या लोखंडी सांगाड्यावर बसवले. हाच पहिला ‘कार्ट’ मानला जातो. त्याला छप्पर नव्हते, दारे नव्हती. आसनही जमिनीला जवळजवळ टेकलेले.

९/ कार्ट निवडल्याचा आणखी एक लाभ झाला. ‘एफ-झिरो’च्या यानातला चालक दिसत नाही, दिसते ते यान. कार्ट उघडा असतो, त्यामुळे चालक डोक्यापासून खांद्यापर्यंत दिसतो. सुरुवातीच्या नमुन्यात तेथे डांगरी घातलेला एक अनामिक माणूस बसलेला होता. काही काळाने त्याच्या जागी मारिओला बसवून पाहिले गेले. ते चित्र सर्वांनाच अधिक पसंत पडले आणि मारिओ तेथे कायमचा बसला.

१०/ हा बदल केवळ नावाजलेला चेहरा वापरण्यापुरता नव्हता. इवल्याशा अर्ध्या पडद्यावर कोण पुढे गेले हे क्षणात कळायला हवे, आणि ओळखीच्या आकृत्या लगेच कळतात. मारिओ, लुइजी, पीच, योशी, बाउझर, डाँकी काँग ज्युनिअर, कूपा ट्रूपा व टोड असे आठ चालक ठरले. मूळ कल्पनेतल्या तेलाच्या डब्यांची जागा केळीच्या सालींनी घेतली. मारिओच्या जगात साल अधिक सहज खपून जाते.

११/ तरीही दोन दृष्टिकोनांचे गणित एकट्या यंत्राला झेपणारे नव्हते. म्हणून ‘डीएसपी-१’ नावाची गणिती चिप कार्ट्रिजमध्येच बसवण्यात आली. ‘पायलटविंग्ज’ या विमानोड्डाणाच्या खेळात ती आधी वापरली गेली होती. म्हणजे ग्राहक खेळ विकत घेत असे, तेव्हा त्या खेळापुरता एक जादा गणकही घरी नेत असे.

१२/ आता १९९२ च्या त्या पहिल्या भेटीकडे वळू. ‘एफ-झिरो’ खेळलेल्या माणसासमोर आता काय होते? चित्र अर्धे. गाड्या खेळण्यातल्यासारख्या. रस्ता सपाट, कोठेही चढ नाही की उतार नाही. बाजूचे नळ म्हणजे अंतरानुसार लहान-मोठी दिसणारी चपटी चित्रे. दृश्याच्या भव्यतेवरच तोलायचे, तर दोन वर्षे जुना खेळच सरस ठरला असता.

१३/ हातात कंट्रोलर घेतल्यावर मात्र दुसरे मत तयार होऊ लागे. खांद्याचे बटण दाबले की कार्ट छोटीशी उडी घेतो. वळणावर ती उडी साधून दाबून धरली, तर गाडी घसरत घसरत वळते आणि वेग टिकतो. पहिल्या दिवशी याच बटणाने गाडी भिंतीवर आदळते, आठवड्याने त्याच बटणाने शर्यत जिंकता येते. बेताच्या वेगाच्या खेळात कौशल्याची जागा वळणांत होती.

१४/ यापुढचा निर्णय सर्वांत वादाचा. प्रश्नचिन्हाच्या चौकोनावरून गेले की एखादी वस्तू मिळते : हिरवे वा लाल कवच, केळीची साल, वेग वाढवणारे मश्रूम. पण वाटप सर्वांना सारखे नाही. मागे पडलेल्याला तारा किंवा वीज अशी प्रभावी अस्त्रे मिळण्याची शक्यता अधिक, तर आघाडीवरच्याच्या हाती बहुधा किरकोळ वस्तू. शर्यतीच्या नेहमीच्या न्यायात हे बसत नाही.

१५/ परंतु घरातल्या न्यायात ते बसते. एका टीव्हीसमोर क्वचितच तुल्यबळ खेळाडू बसतात. रोज सराव करणारा दादा आणि आज पहिल्यांदा कंट्रोलर धरणारी धाकटी बहीण यांच्यात निव्वळ कौशल्याची शर्यत पाच फेऱ्यांआधीच निकालात निघते. वीज आणि तारा ती शेवटच्या वळणापर्यंत जिवंत ठेवतात. दादाची तक्रार खरी असते, आणि बहिणीने ‘अजून एकदा’ म्हणणेही खरे असते. दुसऱ्या खेळाडूला जागेवरून उठू न देणे हे या खेळाचे खरे उद्दिष्ट होते.

१६/ हाच खेळ एकट्याने खेळला की उणिवा उघड्या पडतात. संगणकाच्या हातातील प्रतिस्पर्ध्यांना माणसाचे नियम लागू नाहीत. ते चौकोनांवर अवलंबून न राहता आपापले ठरलेले अस्त्र पुन्हा पुन्हा वापरतात, आणि त्यांच्या क्रमवारीतही ठरावीकपणा जाणवतो. शेजारी माणूस असेल तर अन्याय गमतीचा वाटतो. समोर यंत्र असेल तर तोच अन्याय खुपतो.

१७/ अर्ध्या पडद्याचे उत्तर येथे मिळते. एकट्याच्या शर्यतीतही खालच्या भागात मार्गाचा नकाशा किंवा मागचे दृश्य दाखवून ती जागा भरली आहे. खेळ आधी दोघांसाठी बांधला गेला आणि एकट्याची सोय त्याच चौकटीत नंतर बसवली गेली. जुन्या वाड्याचे विभाजन झाल्यावर बंद राहिलेला एखादा दरवाजा मूळ रचना सांगतो, तशी ही खालची अर्धी जागा रिकाम्या पाटाची साक्ष देते.

१८/ याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे ‘बॅटल मोड’. तेथे शर्यतच नाही. चार बंदिस्त मैदाने, प्रत्येक खेळाडूला तीन फुगे. समोरच्याचे तिन्ही फुगे फोडले की जिंकले. वीस मार्ग, चार चषक, ५०, १०० व १५० सीसीचे वर्ग हे सारे बाजूला ठेवून केवळ दोघांच्या खोडीसाठी केलेली ही रचना आहे. एकट्याला ती खेळताच येत नाही.

१९/ ‘सुपर मारिओ कार्ट’च्या जगभरात सुमारे ८७ लाख ६० हजार प्रती विकल्या गेल्या. अनुकरणही झपाट्याने झाले. १९९४ मध्ये सेगाचा ‘सॉनिक ड्रिफ्ट’ आणि संगणकावरील ‘वॅकी व्हील्स’, १९९७ मध्ये ‘डिडी काँग रेसिंग’, १९९९ मध्ये ‘क्रॅश टीम रेसिंग’. ओळखीची पात्रे, छोट्या गाड्या आणि वाटेत मिळणारी अस्त्रे हा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला.

२०/ नव्वदच्या दशकात भारतात, महाराष्ट्रातही, अनेक घरांतून मारिओ पोहोचला तो ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फॅमिकॉमच्या नकलांतून. ती यंत्रे ८-बिट असल्याने सुपर फॅमिकॉमची कार्ट्रिजे त्यांवर चालणे शक्य नव्हते. कित्येकांना मारिओ उड्या मारताना ठाऊक झाला, गाडी चालवताना नव्हे. पण दोन कंट्रोलर आणि ‘आता माझी पाळी’ हे भांडण मात्र येथेही तेच होते.

२१/ पुढे यंत्रे बदलली तशा मर्यादा एकेक करून गळून पडल्या. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये मार्गांना चढ-उतार आले, एका पडद्यावर चौघे खेळू लागले आणि आघाडीवरच्याचा पाठलाग करणारे कुप्रसिद्ध निळे कवच अवतरले. २०१७ च्या ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ने ६ कोटींहून अधिक प्रतींची विक्री गाठली. वस्तूंच्या असमान वाटपाचे तत्त्व मात्र कोणीही काढून टाकले नाही.

२२/ ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ या यंत्राबरोबर ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आला. एका शर्यतीत २४ चालक, सारे मार्ग एकमेकांना जोडलेले एकच विस्तीर्ण जग. ‘नॉकआउट टूर’मध्ये प्रत्येक टप्प्यावर शेवटचे चार बाद होतात. १९९२ मध्ये सारा मार्ग १०२४ बिंदूंच्या चौकोनात कोंबावा लागत होता. आता एका मार्गावरून दुसऱ्यापर्यंत गाडी चालवत जाता येते.

२३/ या नव्या खेळाच्या पहिल्या भेटीत चित्रांचे, संगीताचे आणि चालक म्हणून अवतरलेल्या गाईचेही कौतुक झाले. अमेरिकेतील ८० डॉलरच्या किमतीवर टीका झाली. आणि एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली : दोन मार्गांना जोडणारे रस्ते फार लांब आणि फार सरळ आहेत, त्यांत वळणांची गंमत नाही. तेहतीस वर्षांपूर्वी यंत्राच्या दुबळेपणामुळे जो लांब सरळ रस्ता सोडावा लागला होता, तो बळ येताच परतला आणि अनेकांना नकोसा वाटला.

२४/ यावरून नवा खेळ फसला असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. पहिल्या भेटीत दिसते ते बहुतांशी यंत्राचे बळ वा दुबळेपण, आणि १९९२ मध्येही डोळ्यांत भरला असता तो चिमुकला अर्धा पडदाच. वळणांची, उडीच्या बटणाची आणि मागच्याला दिलेल्या विजेची किंमत कळायला कित्येक संध्याकाळी आणि शेजारी बसलेला एक माणूस लागला. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’च्या त्या संध्याकाळी आता कोठे सुरू झाल्या आहेत. (समाप्त)