रुग्णालय : आपत्तीतील आश्रय की आपत्तीचे स्थान?

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुट्यानजीक, समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. मृतदेह बुलढाण्यास आणण्यात आले. परंतु ओळख पटण्याजोगे फारसे काही उरले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी तेथेच सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. आपत्ती व रुग्णालय यांचा संबंध आपण सामान्यतः असाच कल्पितो : संकट बाहेर घडते, रुग्णालय त्याचे परिणाम पदरात घेते. १८९७ चा साथरोग कायदा असो वा १९९३ चा किल्लारीचा भूकंप, रुग्णालयाच्या सज्जतेचा विचार याच दृष्टीने होत आला.

ही कल्पना अपुरी आहे, हे विदर्भाच्याच दुसऱ्या टोकास दिसून आले. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षास आग लागली. कक्षाचे दोन विभाग होते. एक तेथेच जन्मलेल्या बालकांचा, दुसरा बाहेरून आणलेल्यांचा. पहिल्यातील ७ बालके वाचविण्यात आली. दुसऱ्यातील १० दगावली. त्यांपैकी बहुतेक धुराने गुदमरून. म्हणजे जी अधिक सुरक्षित स्थळ म्हणून येथे आणली गेली, तीच गेली. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे.

कायदा नव्हता असे नव्हे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. परंतु शासकीय रुग्णालयात भोगवटादार शासन आणि जाब विचारणारेही शासनच. शिवाय इमारतीची व विजेची कामे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. शल्यचिकित्सकाने मागणी करावी आणि निधीची वाट पाहावी. अग्निसुरक्षेच्या तपासणीतून दोषांची यादी मिळते, दुरुस्ती मिळत नाही, हा भेद आपल्या प्रशासनास फारसा जाणवलेला दिसत नाही.

भंडाऱ्यानंतर राज्यभर अशा तपासण्यांचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला व किमान ११ रुग्ण दगावले. तो विभाग करोनासाठी नव्यानेच उभारलेला होता. जुन्या इमारतीची सबब तेथे पुढे करता येत नाही.