'क्लीनर' नसलेला ट्रक

आजच्या भागाची सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे ट्रकवर ड्रायव्हरच्या जोडीला जो असतो, त्याला काय म्हणतात? क्लीनर. गावाकडे त्याचाच 'किन्नर' होतो. टायर ठोकून हवा बघणं, ताडपत्री बांधणं, गाडी मागे घेताना 'आने दो, आने दो' ओरडणं हे सगळं तोच करतो, पण नाव मात्र पडलं सफाईवरून. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यातसुद्धा ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या पंक्तीत क्लीनर होता. म्हणजे गाडी स्वच्छ ठेवणं हे कुणाचं तरी काम आहे, हे आपल्याकडे कागदावर तरी मान्य होतं.

अमेरिकेतल्या सेमी ट्रकवर हा माणूस बहुतेक वेळा नसतोच. तिथे लांब पल्ल्याचा ड्रायव्हर एकटा असतो. मग तो ट्रक पुसतो कोण, कधी, आणि कुणाच्या वेळेत? आजचा विषय हा.

आधी 'सेमी' म्हणजे काय ते सांगतो. इंजिन आणि केबिन पुढे वेगळं, मागे ट्रेलर वेगळा. त्या ट्रेलरला पुढची चाकं नसतात, तो अर्धा भार पुढच्या गाडीवर टाकतो, म्हणून सेमी-ट्रेलर. 1914 साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची बोट वाहून न्यायला असा ट्रेलर बनवला आणि फोर्ड गाडीला जोडला. जोड जिथे होते त्या भागाला 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवं चाक म्हणतात. हा शब्द घोडागाडीच्या काळातला. त्यावर ग्रीस थापलेलं असतं आणि ते असावंच लागतं. म्हणून ट्रक स्वच्छ ठेवणाऱ्याचा पहिला नियम असा की ट्रेलर जोडून आल्यावर हातमोजे आणि बूट केबिनच्या बाहेर ठेवायचे. ग्रीस एकदा सीटला लागलं की जात नाही.

आता केबिन. जुन्या काळी राज्यांनी ट्रकच्या एकूण लांबीवर मर्यादा घातल्या होत्या. मग केबिन इंजिनच्या डोक्यावर बसवायची, म्हणजे तेवढीच लांबी मालाला मिळते. आपल्या जुन्या टपरीनाक ट्रकसारखंच म्हणा ना. इंजिन बघायचं तर अख्खी केबिन पुढे कलवायची. त्याआधी आतली प्रत्येक सुटी वस्तू आवरावी लागे, नाहीतर थर्मास, बूट, कागद सगळं जाऊन काचेवर आदळणार. म्हणजे आवराआवर ही गाडीच करून घ्यायची! 1982 च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर ती एकूण लांबीची मर्यादा उठली. मग लांब नाकाचे ट्रक वाढले, मागची झोपायची जागा मोठी झाली, त्यात फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आले. ट्रक धुण्याच्या कामात आता घर झाडण्याचं कामही मिसळलं. त्या घरात माणूस एका वेळी दोन-तीन आठवडे राहतो.

बाहेरची सफाई दिखाव्यासाठी असते असं वाटेल. पण हिवाळ्यात तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते वायरिंगच्या जोडांत आणि ब्रेकच्या भागांत शिरून गंज धरतं. शिवाय चिखलाखाली तेलाची गळती, चिरलेली पट्टी दिसत नाही. 1993 च्या डिसेंबरपासून नव्या ट्रेलरांवर लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या सक्तीच्या झाल्या, रात्री मागच्या गाडीला ट्रेलर दिसावा म्हणून. त्या पट्टीवर राड साचली तर पट्टी असून नसल्यासारखीच. दिवे आणि पट्ट्या मळाने झाकलेल्या नसाव्यात, हे तिथल्या नियमातच लिहिलंय.

ट्रेलरच्या आतली गोष्ट तर आणखी गंभीर. 1980 च्या दशकाच्या शेवटी बातम्या आल्या की पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांचा कचरा मध्य-पश्चिमेला टाकून काही ट्रक त्याच ट्रेलरमधून परतीला खाण्याचा माल आणतात. लोक हादरले. 1990 मध्ये संसदेने अन्नवाहतुकीच्या स्वच्छतेचा कायदा केला. नीट तपशीलवार नियम यायला मात्र 2016 उजाडलं! आज मांस किंवा भाजी भरायला जाताना ट्रेलर आतून धुतल्याची पावती अनेक ठिकाणी गेटवरच मागतात.

मग धुवायचं कुठे? पार्किंगमध्ये पाइप लावून धुता येत नाही. 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर साबण-तेलाचं पाणी परवान्याशिवाय नाल्यात सोडायला बंदी आली. महामार्गालगत ट्रक धुण्याची केंद्रं आहेत, त्यातलं प्रसिद्ध ब्लू बीकन 1973 साली कॅन्ससमधल्या सलायना गावी सुरू झालं. तिथे रांग लागते. रांगेत वेळ जातो.

आणि इथेच खरी गोम आहे. 1938 साली अमेरिकेत कामाच्या तासांचा कायदा आला, ठरावीक तासांपुढे दीडपट पगार. आंतरराज्य ट्रकचालक त्यातून वगळले गेले, कारण त्यांचे तास ठरवणं दुसऱ्या सरकारी आयोगाकडे होतं. लांब पल्ल्याच्या बऱ्याच ड्रायव्हरांना आजही पैसे मिळतात ते मैलांवर.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात एक कॉलम दिसतो. 2017 च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकांत इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. त्यात ड्रायव्हरच्या चार अवस्था असतात: सुट्टी, झोपण्याची जागा, ड्रायव्हिंग, आणि 'कामावर, पण गाडी चालवत नाही'. गाडीची देखभाल नियमाप्रमाणे या चौथ्या खान्यात जाते, आणि आठ दिवसांत 70 तासांच्या हिशेबातून ते तास वजा होतात. म्हणजे सुरक्षेचा कायदा सफाईला काम म्हणतो. मैलाचा दर तिला शून्य म्हणतो. एकाच तासाच्या दोन नोंदी, आणि त्यांचा मेळ नाही! मग ड्रायव्हरला मोह होतो की पुसणं-झाडणं विश्रांतीच्या वेळेत उरकून घ्यावं. त्याची किंमत झोपेतून जाते. आणि 35-36 टनांचं धूड चालवणाऱ्याची झोप हा त्याचा एकट्याचा प्रश्न नसतो. रस्त्यावर आपणही असतो.

मोजलं जात नाही त्याचे पैसे मिळत नाहीत, असं आपण ऑफिसात म्हणतो. इथे मोजलं जातंय, मिनिटागणिक, तरी मिळत नाहीत. मापन पुरेसं नसतं, ते कुणाच्या खात्यात टाकायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं.

आपला क्लीनर फार सुखात होता असं मी म्हणत नाही. पगार तुटपुंजा, झोप टपावर. पण त्या कामाला एक नाव होतं, आणि नाव असलेल्या कामाचा पगार निदान मागता तरी येतो. उद्या आपल्याकडच्या मोठ्या गाड्याही एकट्या ड्रायव्हरवर चालू लागल्या, तर क्लीनर जाईल, पण काच मळायची थांबणार नाही. ती कुणाच्या वेळेत पुसायची, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं बरं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, ओळखीत कुणी ट्रकवर असेल तर त्यांना हा भाग ऐकवा, आणि त्यांचं म्हणणं मला कळवा. भेटू पुढच्या भागात.