न झालेल्या सामन्यांचे निकाल

आज आपण १९६३ सालच्या जानेवारीतल्या इंग्लंडमध्ये जाणार आहोत. आज युद्ध नाही, रणगाडे नाहीत. फुटबॉल आहे आणि बर्फ आहे. तरीही ही गोष्ट मी या मालिकेत घेतली, कारण लष्करात नकाशासमोर बसून आम्हाला जो प्रश्न पडायचा, तोच त्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या लाखो साध्या माणसांना पडला होता. बर्फ पडणार हे कळलं, ठीक. पण त्याने मैदानावर काय होणार?

१९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि वर्षाच्या अखेरीस हिमवादळ आलं. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या खाली गेलं. १७४० नंतर त्या देशाने इतका थंड हिवाळा पाहिला नव्हता. केंट परगण्यातल्या हर्न बे गावी तर किनाऱ्यालगतचा समुद्र गोठला.

आता यात फुटबॉलच्या अंदाजाला एवढं महत्त्व का? तर 'पूल्स'मुळे. दर आठवड्याला घरोघरी एक कूपन यायचं. त्यावर शनिवारच्या सामन्यांची यादी असायची. कोणते सामने बरोबरीत सुटतील ते ओळखून खुणा करायच्या, थोडे पैसे लावायचे आणि कूपन पोस्टाने पाठवायचं. आपल्याकडच्या मटक्यासारखं चोरून नव्हे. सरकार त्यावर रीतसर कर घेत असे. लिव्हरपूलमध्ये लिटलवुड्स आणि व्हर्नन्स या कंपन्यांत हजारो बायका ही कूपनं तपासायच्या. १९६१ साली कॅसलफर्डच्या व्हिव्ह निकल्सन आणि तिच्या नवऱ्याला यात दीड लाख पौंडांहून जास्त रक्कम लागली होती. नवरा कोळशाच्या खाणीत शिकाऊ कामगार. तेव्हा शनिवारचा अंदाज म्हणजे गरिबाच्या घरातली एक खिडकी होती म्हणा ना.

बर्फ पडला की प्रेक्षकांचे ठोकताळे ठरलेले असतात. चेंडू अडकणार, बारीक पासचा खेळ संपला, लांब फटका मारणारे जिंकणार. मोठ्या संघाचा तोरा उतरणार, कारण निसरड्यावर सगळे सारखेच. ऐकायला पटतं. पण या सगळ्यात सामना होणार हे गृहीत धरलेलं असतं, आणि त्या हिवाळ्यात तेच चुकलं.

कारण खरा शत्रू बर्फ नव्हताच, जमीन होती. डिसेंबरात चिखलात खेळून मैदानं उखडलेली होती. ती तशीच गोठली, म्हणजे बुटांचे खळगे आणि उंचवटे दगडासारखे झाले. त्यावर पडलं तर हाड मोडायचं. क्लबांनी माणसं लावून बर्फ उपसला. आता गंमत पाहा. पडलेला बर्फ हे जमिनीवरचं पांघरूण असतं. खालची ऊब तो टिकवतो. उंचावरच्या ठाण्यांवर ज्यांनी हिवाळे काढलेत त्यांना हे सांगावं लागत नाही, तिथे बर्फ खोदून निवारा करतात तो याच कारणाने. पांघरूण ओढून काढलं की थंडी आणखी खोल उतरणार. नॉरिचमध्ये तर चक्क आग ओकणारी यंत्रं, फ्लेमथ्रोअर, मैदानावर फिरवली. वरचा थर वितळला आणि पाणी पुन्हा गोठलं. हॅलिफॅक्स टाउन क्लबाने हात टेकले आणि मैदान लोकांना स्केटिंगसाठी खुलं केलं. निदान चार पैसे तरी आले. मला विचाराल तर त्या हिवाळ्यातला सर्वात शहाणा निर्णय तोच.

हसण्यावारी नेऊ नका. छोटे क्लब तिकिटाच्या पैशांवर जगत. आदल्याच वर्षी अॅक्रिंग्टन स्टॅन्ली नावाचा क्लब कर्जापायी भर हंगामात लीगमधून बाहेर पडला होता. सामनाच नाही तर पगार कुठून द्यायचा? एफए कपची तिसरी फेरी ५ जानेवारीला सुरू झाली. त्या दिवशी ३२ पैकी ३ सामने झाले. फेरी संपली ११ मार्चला, म्हणजे ६६ दिवसांनी. तेवढ्यात २६१ वेळा कुठला ना कुठला सामना पुढे ढकलला गेला. एकट्या लिंकन विरुद्ध कॉव्हेंट्री सामन्याच्या वाट्याला त्यातले पंधरा.

सामने नाहीत म्हणून कूपनं रद्द होऊ लागली. शेवटी पूल्सच्या कंपन्यांनी एक अजब तोडगा काढला. सामना झाला नाही तर तो झाला असता तर काय निकाल लागला असता, हे जाणकारांनी ठरवायचं. तोच निकाल धरून बक्षिसं वाटायची.

२६ जानेवारी १९६३ रोजी लंडनच्या कॉनॉट रूम्समध्ये बंद दाराआड हे मंडळ बसलं. टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक आणि जॉर्ज यंग हे चार नामवंत माजी खेळाडू, आणि आर्थर एलिस हे पंच. अध्यक्ष लॉर्ड ब्रॅबझन. हे गृहस्थ ब्रिटनमधला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे, युद्धकाळात मंत्री राहिलेले आणि क्रेस्टा रन या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत उतरणारे. म्हणजे फुटबॉल नाही तरी बर्फ त्यांना नक्की ठाऊक होता! मंडळाने ३८ सामन्यांचे निकाल दिले. २३ यजमान विजयी, ८ पाहुणे विजयी, ७ बरोबरीत.

मला हे आकडे वाचताना नेहमी एक गोष्ट जाणवते. बहुतेक ठिकाणी यजमान जिंकला, म्हणजे साधारण नेहमीसारखाच शनिवार. बर्फामुळे बसलेल्या या मंडळाच्या निकालांत बर्फ कुठेच दिसत नाही. आणि दिसणार तरी कसा? जो चेंडू घसरलाच नाही तो कुणाच्या पायाशी गेला असता, हे फिनीसारख्या खेळाडूलाही सांगता येणार नव्हतं. मग माणूस आपल्या सवयीच्या सरासरीवर येतो. आमच्या वाळूच्या नकाशावरच्या लढायाही अशाच व्यवस्थित जिंकल्या जायच्या.

ज्यांनी खरंच बर्फाचा विचार केला ते वेगळेच होते. लेस्टर सिटीने आपल्या मैदानाच्या वरच्या मातीवर खत आणि तणनाशक यांच्या मिश्रणाची प्रक्रिया केली होती. त्यामुळे त्यांचं मैदान इतरांपेक्षा लवकर खेळण्याजोगं झालं. बाकीचे बसून असताना हे खेळत राहिले आणि जिंकत गेले. गोलात गॉर्डन बँक्स होता, हेही विसरू नका. वर्तमानपत्रांनी त्यांना 'बर्फाचे राजे' म्हणायला सुरुवात केली. लीग आणि कप दोन्ही हेच नेणार, अशी हवा झाली.

६ मार्चला थंडी हटली. लीगच्या शेवटच्या टप्प्यात लेस्टर घसरला आणि चौथा आला. कपची अंतिम लढत लांबत लांबत २५ मेला वेम्बलीवर झाली. समोर मँचेस्टर युनायटेड, लीगमध्ये २२ संघांत एकोणिसावे, खालच्या विभागात ढकलले जाता जाता वाचलेले. सगळ्यांचा कौल लेस्टरला होता. बर्फ वितळून अडीच महिने झाले होते, पण त्याच्यावर बांधलेला अंदाज अजून वितळला नव्हता. एक गोल डेनिस लॉने केला, दोन डेव्हिड हर्डने. युनायटेड ३, लेस्टर १.